विषय: टॅग एकच ठरवा, पक्षि की पक्षी?

प्रेषक: सचिव, सकाळी ७:१२

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितोय. आज रात्रीपर्यंत मॅस्टोडॉनवरच्या (आपण फोटो आणि पोस्ट टाकतो ती सोशल मीडियाची जागा) टॅगची, म्हणजे # लावून लिहायच्या शब्दांची यादी पक्की करायचीय, उद्यापासून छंद आठवडा सुरू होतोय आणि गेल्या वेळेसारखं व्हायला नको. गेल्या वेळी भिंगवाल्या काकांची गोगलगाय मोजून चार जणांना दिसली, बाकी कुणालाच नाही, आणि काका तीन दिवस समजत होते की कुणाला आवडलीच नाही. मला ते फार लागलं. पहाटे उठून ओल्या गवतात पोटावर पालथं पडून काढलेला फोटो होता तो.

पक्ष्यांसाठी मागच्या वेळी चार प्रकार पडले होते, #पक्षीनिरीक्षण, #पक्षिनिरीक्षण, #पक्षी_निरीक्षण आणि एकानं मध्ये स्पेस दिली म्हणजे तो नुसता #पक्षी झाला, निरीक्षण बाहेरच राहिलं. मॅस्टोडॉनसाठी हे चार वेगळे टॅग आहेत, तो अक्षरं जुळवतो, अर्थ जुळवत नाही. कृपया एक सांगा. फक्त एक.

प्रेषक: दुर्बीणवाल्या काकू, सकाळी ७:४०

सचिवसाहेब, हे पक्षी गटाला आधी विचारायचं होतं ना, थेट सगळ्यांना मेल कशाला? आम्ही पहिल्यापासून दीर्घ लिहितोय, आमच्या सगळ्या जुन्या नोंदी दीर्घ टॅगखाली आहेत आणि बोलताना कुणी पक्षि म्हणत नाही. दीर्घ ठेवा, विषय संपला.

दुसरं, टॅगपेक्षा महत्त्वाचं. घरट्यांचे फोटो कृपया टाकू नका. मॅस्टोडॉन फोटो चढवताना त्यातली जागेची माहिती काढून टाकतो हे मला माहीत आहे, पण मागे दिसणारं कुंपण आणि झाड ओळखणारे लोक असतात. पिल्लं उडून गेल्यावर टाका, तोवर थांबलं तर काही बिघडत नाही.

प्रेषक: वाचनालय समिती, सकाळी ८:०५

काकू, मधे पडतेय, राग मानू नका. मूळ शब्द पक्षिन्. असे शब्द समासात पहिले आले की ह्रस्व होतात, पक्षिमित्र, प्राणिसंग्रह, विद्यार्थिमंडळ. साहित्य महामंडळाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यात भर पडली आणि तेच आपण मुलांच्या मराठी वर्गात शिकवतो. आता मंडळाच्याच टॅगवर दीर्घ लिहायचं आणि वर्गात ह्रस्व शिकवायचं हे मला तरी जमणार नाही. मुलं विचारतात हो, आणि त्यांनी विचारावं असंच मला वाटतं.

प्रेषक: विणकाम गट, सकाळी ८:२१

आमचंही ऐका. आमच्याकडे निम्म्याजणी #वीणकाम लिहितात, वीण दीर्घ आहे म्हणून. मी #विणकाम लिहिते. त्यामुळे केबल विणीचा नमुना एकीनं टाकला तो मला दोन महिन्यांनी सापडला, तोवर मी तोच नमुना उसवून उसवून स्वतः शोधून काढला होता. पक्ष्यांचं ठरवताना आमचंही ठरवून टाका.

प्रेषक: वाचनालय समिती, सकाळी ८:२६

विणकाम. समासात वी चा वि होतो. याला दुसरं उत्तर नाही.

प्रेषक: सर्व्हरवाला दादा, सकाळी ९:५०

मंडळी, टॅग ठरवा, हवाच आहे. पण काकांची गोगलगाय टॅगमुळे हरवली नव्हती, मी काल रात्री बसून तपासलं. त्यांचा टॅग बरोबर होता. मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर चालतो. काका छोट्या सर्व्हरवर आहेत, आपण बहुतेक जण दुसऱ्यावर. टॅग उघडल्यावर आपल्याला दिसतं ते सगळ्या जगातलं नसतं, आपल्या सर्व्हरपर्यंत जेवढं पोचलंय तेवढंच असतं. आणि एखाद्याची पोस्ट आपल्या सर्व्हरवर साधारणपणे तेव्हा येते जेव्हा इथलं कुणीतरी त्याला फॉलो करत असतं किंवा ती पोस्ट बूस्ट करतं, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे पाठवतं. काकांना आपल्या सर्व्हरवरून एकही जण फॉलो करत नव्हता. ज्या चौघांनी पाहिली ते चौघे काकांच्याच सर्व्हरवरचे.

म्हणून आज एवढं करा, प्रत्येकानं बाकीच्यांना फॉलो करा, आणि कुणी मेलवर पोस्टची लिंक पाठवली की ती तुमच्या मॅस्टोडॉनच्या शोधखान्यात चिकटवा, तिथूनच बूस्ट करा. नुसता तारा दाबून पोस्ट पुढे जात नाही, तो लिहिणाऱ्याला कळतो आणि तिथेच थांबतो, पुढे नेतो तो बूस्ट. आणि पोस्ट करताना कोणाला दिसावी त्याच्या सेटिंगमध्ये पूर्ण सार्वजनिक निवडा. त्याच्या खालचा शांत पर्याय निवडलात तर पोस्ट टॅगच्या यादीत येतच नाही.

टॅग का लागतो हेही सांगतो. मजकुरात शोधायची सोय मॅस्टोडॉनमध्ये २०२३ साली आली, तीही सर्व्हरनं ठेवली असेल आणि ज्यानं परवानगी दिली असेल त्याच्याच पोस्टमध्ये. टॅग मात्र सगळ्यांसाठी आहे, आणि २०२२ पासून माणसासारखा टॅगही फॉलो करता येतो.

प्रेषक: बटणवाले काका, सकाळी १०:३०

दादाच्या मेलवर लिहितोय. छोट्या सर्व्हरचा मला अनुभव आहे. मी जुन्या कोटांची बटणं जमवतो हे तुम्हाला माहीतच आहे, दोन वर्षं रोज एक बटण टाकत होतो, पुढून, मागून, दोरा कुठून जातो ते. शिंगाचं, शिंपल्याचं, दाबून केलेल्या कापडाचं. एक दिवस सर्व्हर चालवणाऱ्यानं बंद करतोय म्हणून लिहिलं आणि आठवड्यात बंद. त्यालाही दोष देत नाही, एकटा माणूस, नोकरी सांभाळून चालवत होता. पण माझं गेलं ते गेलं. दुसरीकडे अकाउंट हलवलं, फॉलो करणारे आपोआप माझ्याबरोबर आले, पोस्ट आल्या नाहीत. त्या येतच नाहीत, हे हलवण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा कळकळीनं सांगतो, सेटिंगमध्ये जाऊन आपल्या सगळ्या पोस्टची प्रत मागवा, दर सात दिवसांनी मागवता येते. आणि सर्व्हर निवडताना मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतला निवडा, त्या यादीतल्यांना बंद करण्याआधी किमान ३ महिने आधी सांगायचं बंधन घातलेलं आहे.

प्रेषक: फोटो स्पर्धा समिती, सकाळी १०:५२

मग सगळ्यांनी पिक्सेलफेडवर या ना, मॅस्टोडॉनसारखंच पण फोटोंसाठीचं आहे ते, तिथे फोटो चांगले दिसतात. स्पर्धा आम्ही तिथेच घेणार आहोत हे जानेवारीच्या सभेत ठरलंय.

प्रेषक: सर्व्हरवाला दादा, सकाळी ११:१०

कुणालाच कुठे यायला नको, तेच तर सांगतोय. पिक्सेलफेडवरच्या माणसाला मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतं, वाचनाच्या नोंदी ठेवायच्या बुकवर्मवरच्या माणसालाही. हे सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाची एकच बोली बोलतात, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं २०१८ साली ती प्रमाण म्हणून मान्य केली. आपण प्रत्येक जण वेगळ्या कंपनीचा ईमेल वापरतो तरी ही लिस्ट चालतेच ना. स्पर्धा तिकडे घ्या, पोस्ट सगळीकडे पोचतील, फक्त एकमेकांना फॉलो करा.

प्रेषक: भिंगवाले काका, सकाळी ११:४५

माझ्या गोगलगायीवर एवढं लिहिलंत, बरं वाटलं. मी रागावलो नव्हतो, फक्त गप्प झालो होतो.

एक गोष्ट मात्र सांगतो. त्या चार जणांत एक बाई होत्या, मी त्यांना ओळखत नाही, त्यांनी विचारलं, तुमच्या गोगलगायीचा शंख कुठल्या बाजूला वळलाय ते पाहिलंत का? शंखाचं टोक वर धरायचं आणि तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवी, डाव्या हाताला आलं तर डावी. मी सगळे जुने फोटो काढून बसलो, सगळ्या उजव्या. एकही डावी नाही. मग त्यांनी जेरेमीची गोष्ट सांगितली. २०१६ साली एका बागेत डाव्या वळणाची गोगलगाय सापडली, नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अँगस डेव्हिसन यांनी तिचं नाव जेरेमी ठेवलं. डावीचे अवयवही उलट्या बाजूला, त्यामुळे उजवीशी तिचं जुळत नाही. म्हणून त्यांनी लोकांनाच हाक घातली, तुमच्या अंगणात पाहा. लोकांनी टॅग लावून फोटो टाकले आणि खरोखर दोन डाव्या सापडल्या. जेरेमी २०१७ साली गेली, पण त्याआधी तिची पिल्लं झाली, आणि ती सगळी उजवी निघाली.

मला ६७ वर्षांत कुणी गोगलगायीच्या वळणाबद्दल विचारलं नव्हतं. मी रोज पाहत होतो आणि पाहिलं नव्हतं. म्हणून मला ही जागा सोडायची नाही. त्या बाईंचे दोनच फॉलोअर होते, तरी त्यांचं उत्तर माझ्यापर्यंत आलं.

प्रेषक: विणकाम गट, दुपारी १२:१५

काका, डावी मला सापडली होती! म्हणजे वाटलं होतं. सुया हातात असल्या की टाका कुठे वळतोय हे डोळा आपोआप पाहतो, म्हणून लगेच लक्षात आलं. धावत जाऊन फोटो टाकला, टॅग लावला, रात्रभर झोप नाही. सकाळी एकानं फार प्रेमानं लिहिलं होतं की मागच्या झारीवरची अक्षरं उलटी दिसताहेत. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता, त्यानं आरशासारखा फिरवून ठेवला होता. तेव्हा डावी सापडली की आधी फोटोत कुठे अक्षरं आहेत का पाहा, आणि मागच्या कॅमेऱ्यानं परत काढा. मी अजून शोधतेय.

प्रेषक: स्वरगट, दुपारी १:०५

मला दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मी तुमचे फोटो रोज उघडते, कारण फोन वाचून दाखवतो. काकांच्या फोटोच्या वर्णनात फक्त "गोगलगाय" एवढं लिहिलंय. बाकीच्यांच्यात तेवढंही नाही, फोन म्हणतो "चित्र" आणि पुढे जातो. पोस्टला साधारणपणे ५०० अक्षरांची मर्यादा आहे पण चित्राच्या वर्णनाला १५०० मिळतात. त्यातली दोनशे तरी वापरा. रंग सांगितला तरी चालेल, पण त्याहून ती काय करतेय, कशावर आहे, ओली आहे का ते सांगा. बटणवाले काका लिहायचे तसं. "मागच्या बाजूला दोऱ्यानं घासून खाच पडलीय" हे मला त्यांच्या वर्णनातून कळलं होतं, बोट फिरवल्यासारखं.

आणि टॅगबद्दल. #पाखरं करा ना. छोटा आहे, ह्रस्वदीर्घाचा प्रश्न नाही, समास नाही. शिवाय #पक्षी खाली हिंदीतल्या पोस्टही येतात, पाखरं आपलंच आहे.

प्रेषक: वाचनालय समिती, दुपारी १:२०

पाखरे हे लेखी रूप, पाखरं बोलीतलं. पण अनुस्वारही नियमात बसतो, बोलल्यासारखं लिहिताना चालतो. माझी हरकत नाही. खरं तर फार आवडला.

प्रेषक: दुर्बीणवाल्या काकू, दुपारी १:५०

गिधाडाला पाखरू म्हणायचं का? आणि आमच्या जुन्या नोंदींचं काय? चार वर्षांच्या आहेत.

प्रेषक: सर्व्हरवाला दादा, दुपारी २:०५

काकू, नोंदी जागच्या जागी राहतील. वेबवर टॅगचा रकाना लावला की त्याच्या सेटिंगमध्ये जास्तीचे टॅग जोडता येतात, मग पाखरंबरोबर दोन्ही निरीक्षणं, ह्रस्व आणि दीर्घ, एकाच रकान्यात दिसतील. मी तुमच्या मशीनवर लावून देतो. आणि महत्त्वाच्या नोंदी एडिट करून त्यात नवा टॅग घालता येईल, पोस्ट पुसून परत लिहायला नको.

प्रेषक: दुर्बीणवाल्या काकू, दुपारी २:३०

ठीक. गिधाडासाठी मी #पाखरं आणि #गिधाड दोन्ही लावीन. शनिवारी मशीन घेऊन येते. घरट्यांचं मात्र यादीत लिहा, ठळक.

प्रेषक: सचिव, संध्याकाळी ६:४०

ठरलं. #पाखरं, #विणकाम, #गोगलगाय (एकवचन, गोगलगायी नको), #बटणं, आणि सगळ्यांवर #छंदकट्टा. घरट्यांचे फोटो पिल्लं उडाल्यावरच. चित्राचं वर्णन लिहिल्याशिवाय पोस्ट करू नये. प्रत मागवा. सगळ्यांच्या पत्त्यांची यादी वेगळ्या मेलनं पाठवतोय, झोपायच्या आधी सगळ्यांना फॉलो करा. फोटो स्पर्धा समितीनं दादाला फोन करावा.

प्रेषक: भिंगवाले काका, रात्री ९:१५

जुनाच फोटो परत टाकलाय, नवीन वर्णनासह, लिंक यादीत आहे. वर्णन असं लिहिलंय: "गवताच्या पात्यावर गोगलगाय, पातं तिच्या वजनानं वाकलंय. शंख तपकिरी, वळणावर फिकट पट्टा, तोंड उजव्या हाताला. चार शिंगं, वरची दोन लांब, त्यांच्या टोकाला काळा ठिपका म्हणजे डोळा. एका डोळ्याखाली पाण्याचा थेंब अडकलाय आणि त्यात गवत उलटं दिसतंय."

प्रेषक: स्वरगट, रात्री ९:३२

पोचली काका. बूस्ट केलीय. डोळा शिंगाच्या टोकाला असतो हे मला आज कळलं. थेंब डाव्या शिंगावर आहे की उजव्या, तेवढं एडिट करून घाला.