कामवाल्या मावशींचा वेगळा कप आणि "आपला धर्म": मुलाला नक्की काय सांगू?

शुभदा_मुलुंड

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आम्ही मुलुंडला राहतो, घरात मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं सगळं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं, सोवळंओवळं, उपासतापास, सणवार सगळं मनापासून करतात आणि माझ्यावर त्यांची माया पण खूप आहे, हे आधीच सांगते म्हणजे कोणी त्यांना उगाच नावं ठेवू नये.

तर आमच्याकडे धुण्याभांड्याला ज्या मावशी येतात त्यांचा चहाचा कप वेगळा आहे. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, किचनच्या खिडकीत ग्रिलला टेकून पालथा घातलेला असतो. घरातले बाकी सगळे कप मावशीच घासतात आणि आपण त्यातच पितो, पण त्यांचा तो एक त्या वेगळा विसळून परत तिथेच ठेवतात. परवा लेकाने त्यांना स्वतःच्या मगमध्ये चहा नेऊन दिला. सासूबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, तसं करायचं नसतं, आपला धर्म आहे काहीतरी." आणि मावशींना सांगितलं की तो मग तडकलाय, द्या इकडे. मग तडकलेला नव्हता, हे मावशींनाही दिसत होतं.

रात्री पोरगा माझ्या मागे लागला. म्हणे, वर्गातल्या ख्रिश्चन मित्राला दहा आज्ञा येतात, बौद्ध मैत्रिणीला पंचशील पाठ आहे, आपल्यात अशी काही यादी आहे का सगळ्यांनी पाळायची? असली तर त्यात हा कप येतो का? आणि धर्म पाळायला खोटं बोललेलं चालतं का? मी म्हटलं विचारून सांगते. तर जाणकारांनी सांगा प्लीज, नववीतल्या मुलाला कळेल असं.

गिरगावकर

शुभदाताई, मुलाचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. यादी आहे, एक नाही अनेक आहेत, आणि त्यांना नाव पण आहे, साधारण धर्म किंवा सामान्य धर्म. म्हणजे जात, वय, आश्रम (आयुष्याचा टप्पा) काही असो, सगळ्यांना लागू. याज्ञवल्क्य स्मृतीत पहिल्याच अध्यायात आहे: अहिंसा, सत्य, चोरी न करणं, शुचिता, इंद्रियांवर ताबा, दान, मनावर ताबा, दया आणि क्षमा. आणि श्लोकाच्या शेवटी 'सर्वेषां' असा शब्द आहे, सर्वांसाठी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा वर्णाश्रमाची कामं सांगून झाल्यावर अशीच सगळ्यांसाठीची छोटी यादी येते.

आता मुलाला आवर्जून सांगा अशी गोष्ट. गौतम धर्मसूत्र हे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या धर्मसूत्रांपैकी, म्हणजे धर्माचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांपैकी, एक मानतात. त्यात चाळीस संस्कार सांगितलेत, गर्भाधानापासून मोठमोठ्या यज्ञांपर्यंत, आणि लगेच पुढे आठ आत्मगुण: सर्व प्राण्यांबद्दल दया, सहनशीलता, दुसऱ्याचा मत्सर न करणं, शुचिता, जिवाला अती न शिणवणं, मंगल वृत्ती, कद्रूपणा नसणं आणि हाव नसणं. आणि मग गौतम सरळ लिहितो की चाळीसच्या चाळीस संस्कार झालेत पण हे आठ गुण नाहीत, तर त्या माणसाला ब्रह्मप्राप्ती नाही. उलट संस्कार थोडेच झालेत पण आठ गुण आहेत, तर आहे. म्हणजे कर्मकांड आणि वागणूक यात वजन कशाला हे अडीच हजार वर्षांच्या आसपास आधीच लिहून ठेवलंय.

आणि घरकामाच्या माणसाबद्दल तर आपस्तंब धर्मसूत्रात असं वाक्य आहे की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिलो. गृहस्थाला सांगितलंय, हवं तर स्वतःला कमी कर, बायकोला, मुलाला कमी कर, पण तुझ्याकडे राबणाऱ्याला कमी करू नकोस. हे अन्न वाटण्याच्या संदर्भात आहे. वेगळा कप या सगळ्यात कुठे बसतो ते मुलगाच सांगेल.

जास्त वाचायचं असेल तर म. म. पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास बघा, १९३० ला पहिला खंड आला आणि १९६२ ला शेवटचा, आणि हे सगळं मुंबईत वकिली सांभाळून. १९६३ ला भारतरत्न मिळालं. नुसते सामान्य धर्मावरचे भाग वाचले तरी पुष्कळ झालं.

परळचा_पोरगा

गिरगावकर काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण अर्धंच सांगितलंत. त्याच गौतम धर्मसूत्रात पुढे बाराव्या अध्यायात आहे की शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी. हे पण त्याच ग्रंथात, त्याच गौतमाचं. मग सर्वांवर दया ती नक्की कोणावर?

ताईंच्या सासूबाईंनी कपाची गोष्ट मनाने काढलेली नाहीये, ती याच ग्रंथांच्या सावलीत पिढ्यानपिढ्या चालत आलीय. माझ्या आजीने दुसऱ्यांच्या दारात ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलंय, तिने स्वतः सांगितलंय मला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. ती कशासाठी जाळली हे पण त्या मुलाला सांगा. दोन्ही सांगा, नाहीतर तो मोठा होऊन स्वतः वाचेल आणि म्हणेल आईने लपवलं.

गिरगावकर

परळकर, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के त्या ग्रंथात आहे आणि त्याचा बचाव मी करणार नाही, करूच नये कोणी. दोन्ही सांगा हे मला मान्य आहे.

फक्त एक भर घालतो, कारण मुलाचा पुढचा प्रश्न तोच असणार की मग यातलं घ्यायचं काय आणि टाकायचं काय आणि ठरवणार कोण. याचं उत्तर पण परंपरेतच आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू सत्यं वद, धर्मं चर सांगतो, मातृदेवो भव, पितृदेवो भव सांगतो, ते सगळ्यांना पाठ आहे, पण तिथेच तो हेही सांगतो की जी कामं निर्दोष आहेत तीच कर, बाकीची नको, आणि आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. गुरू स्वतःबद्दल म्हणतोय हे! आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे की ज्याचा परिणाम दुःखाचा आणि ज्याच्याविरुद्ध लोक आक्रोश करतात असा धर्मसुद्धा सोडून द्यावा. आता महाडला हजारो माणसं तळ्याकडे चालत गेली यापेक्षा मोठा आक्रोश कोणता असतो?

परळचा_पोरगा

हे चौथ्या अध्यायातलं माहीत नव्हतं, शोधून वाचतो. पण काका, सोडून द्यावा असं लिहिलेलं असूनही सोडला नव्हता ना कोणी, सोडायला लावावा लागला. शेवटी संविधानाचं कलम १७ आलं तेव्हा अस्पृश्यता कायद्याने गेली. पोथीत चांगलं वाक्य असणं आणि ते पाळलं जाणं यात फार अंतर आहे एवढंच म्हणायचंय.

अनघा_दादर

खोटं बोलण्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही अजून म्हणून लिहिते. महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. मी कायम खरंच बोलणार असं व्रत घेतलेला माणूस. दरोडेखोरांच्या भीतीने पळत आलेले लोक त्याच्यासमोरून जंगलात लपतात, मागून दरोडेखोर येतात आणि विचारतात, तू खरं बोलतोस ना, सांग कुठे गेले. हा सांगतो. सगळे मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, आणि कधी, तर कोणी गांडीव दुसऱ्याला दे म्हटलं तर त्याचं डोकं उडवीन अशी प्रतिज्ञा असल्यामुळे अर्जुन धर्मराजावरच तलवार घेऊन निघालेला असतो तेव्हा. म्हणजे व्रताला चिकटून राहायचं म्हणून भावाला मारायचं का, असा प्रसंग.

तर खोटं कधीच चालत नाही असं नाही, पण कोणासाठी बोललं ते बघायचं. कोणाचा तरी जीव वाचवायला बोललेलं वेगळं आणि मग तडकलाय म्हणणं वेगळं, तिथे मावशी वाचल्या नाहीत कशातून. मुलाला हे आपोआप कळेल, माझ्या भाचीला दुसरीत असताना कळलं होतं.

आणि एक, जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. कप बदलणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. गिरगावकरांनी जे आपस्तंबाचं वाक्य दिलंय ते खरं लागू होतं पगाराला. आमच्या बिल्डिंगमध्ये सोवळ्याचे कडक असे लोक आहेत जे बाई दोन दिवस आजारी पडली तर पैसे कापतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सरळ आहे की सगळ्या शुद्धींमध्ये पैशाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ, जो व्यवहारात स्वच्छ तोच स्वच्छ, माती-पाण्याने धुतलेला नाही. हे सोवळ्यातल्या कोणालाही वाचून दाखवता येईल.

वारीवाला

रामकृष्ण हरी. ग्रंथ झाले, आता सासूबाईंचं काय ते बोलू, कारण घर त्यांचंही आहे. वयस्कर माणसाला स्मृतींचे अध्याय सांगून काही होत नाही ताई, त्यांना वाटेल सून कायदा शिकवते. त्यांना नाथांची, म्हणजे संत एकनाथांची, गोष्ट नक्की माहीत असणार, त्यांच्याच तोंडून नातवाला सांगायला लावा. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालू आहे, वास रस्त्यापर्यंत गेलाय, आणि बाहेरून जाणारी अस्पृश्य मानलेली माणसं, पोराबाळांसकट भुकेली, थांबून बघतायत. नाथांनी तो सगळा स्वयंपाक त्यांना वाढला. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तर पितर स्वतः येऊन जेवले असं आपल्याकडे सांगतात. श्राद्धाचं अन्न होतं ते, त्याच्यापुढे चहाचा मग काय आहे! आमच्याकडे वडील असेच होते, त्यांना शास्त्राने नाही, नाथांनी आणि तुकोबांनी वळवलं.

पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ ला उपोषणाला बसले होते, हे पण सासूबाईंच्या घरात तेव्हा बोललं गेलं असणार, विचारा त्यांना.

फक्त मावशींसमोर वाद घालू नका. बाईमाणसाला आपल्यावरून घरात भांडण झालेलं नको असतं, उद्या त्या काम सोडतील.

शुभदा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. परळचा_पोरगा, तुमच्या आजीचं वाचून घशात काहीतरी अडकलं, मुलाला दोन्ही बाजू सांगणार, नक्की.

वारीवाले, काल सासूबाईंना नाथांची गोष्ट सांगायला लावली. इतकी रंगवून सांगितली, पैठणचा वाडा, काशीची कावड आणि गाढवाला पाजलेली गंगा पण आली मध्ये. पोराने शेवटी विचारलंच, आजी, मग आपल्याकडे मावशींचं वेगळं का? त्या काही बोलल्या नाहीत, नंतर मला म्हणाल्या आमच्या वेळी असंच होतं. बघू, घाई करत नाही. लेकाने मात्र आपल्यापुरतं ठरवलंय की तो असेल तेव्हा चहा तोच देणार आणि त्याच्या मगमध्येच, आणि याला सासूबाई अजून तरी नाही म्हणालेल्या नाहीत.

अनघा, सुट्टीच्या पैशांचं तुम्ही बोललात ते खरं सांगायचं तर मी कधी नीट ठरवलेलंच नव्हतं, नवऱ्याशी बोलून आता ठरवतेय. तुमच्याकडे पगारी सुट्ट्या किती देता? आणि दिवाळीला एक पगार देता की कमीजास्त?

अनघा_दादर

महिन्याला चार, शिवाय गावी जाताना वेगळ्या, आणि आजारपणाचे कापायचे नाहीत. दिवाळीला पूर्ण एक पगार. आणि हे तोंडी ठेवू नका, त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे दर वेळी मागायची पाळी येत नाही त्यांच्यावर.