पिसाळलेला कुत्रा माणसांना आणि गाईला चावला. वाडीने काय करावे?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, सिंधुदुर्ग)

आमचे गाव गोव्याच्या सीमेलगत आहे. काल एक अनोळखी कुत्रा वाडीत शिरला, शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या पोटरीला आणि एका दुभत्या गाईला चावला आणि रानात निघून गेला. मुलाच्या जखमेतून रक्त आले आहे. कुत्र्याला हुसकावायला गेलेल्या एका बाईंच्या हाताला ओरखडा आहे, पण रक्त नाही. त्या गरोदर असल्याने घरचे इंजेक्शनला तयार नाहीत. दोघांच्याही जखमांवर चुना लावला आहे. कुत्रा सापडल्यास दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून मगच लस घ्यावी, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे, तर तरुण मंडळी भटक्या कुत्र्यांना विष घालण्याची भाषा करीत आहेत. गाईच्या दुधाचे काय करावे, हेही कळत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

दोघांनाही आजच दवाखान्यात न्या. त्याआधी चुना काढून जखमा साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. एक दिवस उलटला असला तरी धुवा. कुत्रा पिसाळतो तो रोग म्हणजे रेबीज; त्याच्या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते मोडते, म्हणून नळ आणि साबण हाच पहिला उपचार आहे. चुना, हळद, मिरची किंवा तंबाखू यांनी जखम चिघळते आणि धुण्याचे राहून जाते.

ओरखड्यासाठी लस पुरेशी आहे. मुलाला मात्र लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला आपल्याकडे सिरम म्हणतात, तेही हवे आणि ते जखमेत व जखमेभोवती टोचले पाहिजे. कारण लसीमुळे शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि तोवरचे संरक्षण सिरमच देते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल, तर लसीचा पहिला डोस तेथेच घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येते, परंतु तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. शक्यतो जखमेला टाके घालू देऊ नका.

सरकारी दवाखान्यात त्वचेत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची असते. शेवटचा डोस चुकवणारे पुष्कळ असतात, तेव्हा तारखा तुम्ही स्वतः लिहून ठेवाव्यात. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची पद्धत केव्हाच बंद झाली आहे. गरोदरपणात ही लस सुरक्षित आहे, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही, हे त्या बाईंच्या घरच्यांना स्पष्ट सांगा. दहा दिवसांचे निरीक्षण उपचार सुरू करूनच करायचे असते. तुमचा कुत्रा तर सापडलेलाही नाही.

पशुवैद्यक

गाईची जखमही हातमोजे घालून तशीच धुवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांनाही चाव्यानंतर लसीचे पाच डोस देतात. दूध उकळल्याने विषाणू नष्ट होतो, त्यामुळे उकळलेले दूध प्यायलेल्यांनी घाबरू नये. कच्चे दूध कोणीही घेऊ नये. मला खरी काळजी पुढच्या काही महिन्यांची वाटते. गाय लाळ गाळू लागली, गिळेनाशी झाली किंवा घोगऱ्या आवाजात सतत हंबरू लागली, तर घशात काही अडकले असेल असे समजून मालक तोंडात हात घालतो आणि तेथेच माणसाला धोका होतो. गोठ्यातल्या प्रत्येकाला, विशेषतः धार काढणाऱ्यांना, हे आधीच सांगून ठेवा.

पेडणे, गोवा येथील एक सभासद

विषाचा विचार कृपया थांबवा. तो गुन्हा आहेच, शिवाय मेलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरून लस न झालेले कुत्रे येतात. आमच्याकडे राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने घरोघरी व रस्त्यारस्त्यांवर कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच पोहोचणारी पथके ठेवली. सलग तीन वर्षे माणसाचा एकही मृत्यू न झाल्यावर 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. रोगाच्या प्रसाराची साखळी तुटण्यासाठी सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते आणि नवी पिल्ले जन्मत असल्याने ती दरवर्षी द्यावी लागते. ग्रामसभेत पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाचा ठराव करा आणि भटक्या कुत्र्यांसाठी शेजारच्या गावांना बरोबर घेऊन पशुसंवर्धन विभागाकडे लेखी मागणी करा. तो कुत्रा ज्या दिशेला गेला, तिकडच्या वाड्यांना मात्र आजच फोन करून सावध करा. तेथेही कोणाला चावा झाला असण्याची शक्यता आहे.