उबुंटू २४.०४: कर्नल अपडेटनंतर व्हर्चुअलबॉक्समधलं विंडोज सुरू होत नाही

गोरेगावकर
मंडळी, आय-५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम. व्हर्चुअलबॉक्समध्ये (उबुंटूच्या आत दुसरी सिस्टिम चालवणारा प्रोग्राम) विंडोज १० आहे, अकाउंट्सचं काम त्यावरच चालतं. अपडेटमध्ये कर्नल (उबुंटूचा गाभा) ६.११ चं ६.१४ झालं, तेव्हापासून स्टार्ट दाबलं की ‘व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’ येतं. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (व्हर्चुअल मशीन चालवायची प्रोसेसरमधली सोय) चालू आहे. व्हर्चुअलबॉक्स काढून परत टाकलं, फरक नाही. सरळ केव्हीएमवर (व्हर्चुअल मशीन चालवायची कर्नलमधलीच सोय) जावं का? की लॅमिंग्टन रोडवरून अजून ८ जीबी रॅम आणावी?

दादर_टर्मिनल
परत टाकून उपयोग नाही, व्हर्चुअलबॉक्स बिघडलेलं नाही. व्हीटी-एक्सचा ताबा एका वेळी एकालाच मिळतो. पूर्वी केव्हीएम तो स्वतःचं मशीन सुरू झाल्यावर घ्यायचं, कर्नल ६.१२ पासून त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लोड होताच घेऊन बसतं.

आत्तापुरतं ते मॉड्यूल काढा, टर्मिनलमध्ये: ‘सूडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’. एएमडी असेल तर ‘केव्हीएम_एएमडी’. लगेच विंडोज सुरू करून बघा.

कायमचं: ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही बूटच्या सेटिंगची फाइल उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’ लिहिलेल्या ओळीत, अवतरणचिन्हाच्या आतच, एक स्पेस देऊन ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ जोडा. मग ‘सूडो अपडेट-ग्रब’ आणि रीबूट. अपडेट-ग्रब विसरलात तर काहीच बदलणार नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं.

मुलुंड_पूर्व
वरचं बरोबर. केव्हीएम ब्लॅकलिस्ट (कधीच लोड होऊ न देणं) मात्र करू नका, अँड्रॉइड एम्युलेटरला ते लागतं. वरच्या सेटिंगने व्हर्चुअलबॉक्स आणि केव्हीएम दोन्ही चालतात, फक्त एकाच वेळी नाही.

एवढ्यासाठी केव्हीएमवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. जायचंच असेल तर आधी सगळे स्नॅपशॉट (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या अवस्था) डिलीट करून मूळ डिस्कमध्ये मिळवून घ्या, मग क्यूईएमयू-इमेज या कमांडने व्हीडीआयची (व्हर्चुअलबॉक्सची डिस्क फाइल) क्यूकाऊ२ (केव्हीएमकडे वापरतात ती डिस्क फाइल) करा. नव्या मशीनला डिस्क साटा म्हणूनच जोडा. ड्रायव्हर न टाकता व्हर्टआयओ (व्हर्चुअल मशीनसाठीचा खास डिस्क प्रकार) दिलीत तर विंडोज बूट होतानाच निळा स्क्रीन दाखवेल.

रॅमचा या एररशी संबंध नाही. ८ जीबीत विंडोजला ४०९६ एमबी आणि २ सीपीयू द्या, त्याहून जास्त दिलंत तर उबुंटू स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्क वापरणं) जाईल. तरी घ्यायचीच तर निघण्याआधी ‘सूडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ चालवा: स्लॉट रिकामा आहे का, डीडीआर४ की ५, सगळं कळतं. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर असते.

गोरेगावकर
मॉडप्रोब ‘मॉड्यूल इज इन यूज’ म्हणतंय.

दादर_टर्मिनल
म्हणजे केव्हीएमवरचं काहीतरी चालू आहे. एम्युलेटर, तसंच बॉक्सेस किंवा व्हर्ट-मॅनेजर या प्रोग्राममधली मशीन बंद करा आणि परत चालवा.