मदत हवी आहे: एकटीनं व्हिएतनाम, साठ हजारांत जमेल का?

मी आर्वीजवळच्या खेड्यातली. पासपोर्ट आलाय, पण विमानात अजून बसले नाही. कापसाचा हंगाम आटोपला की वर्ध्याहून गीतांजलीनं हावडा, तिथून कोलकाता-हनोई थेट विमान. ई-व्हिसा 25 डॉलरचा, सरकारी संकेतस्थळावरूनच काढीन. हनोईहून ह्युए शहराला रात्रीची रेल्वे, म्हणजे एका मुक्कामाचं भाडं वाचतं.

अडतं इथं: त्यांचं नववर्ष, टेट, जानेवारी-फेब्रुवारीत येतं. तेव्हा दुकानं बंद, तिकिटं महाग. मग मार्च बरा का? शाकाहारी आहे, माशाचा सॉस कसा टाळायचा? पैसे डॉलरमध्ये न्यावे की फॉरेक्स कार्डवर (आधीच परकी चलन भरून ठेवायचं कार्ड)? फक्त मुलींची डॉर्मिटरी कुणी पाहिलीये?

आई रोज विचारते, "एकटी कायले जातं वं?" तिला पटेल असं काही असेल तर तेही सांगा.