व्हिक्टोरिया सरोवरात पोहणे आणि रक्ताची उलटी: संबंध असू शकतो का?

मंदार_पुणे:
माझे थोरले बंधू बरीच वर्षे टांझानियातील म्वान्झा येथे नोकरीला होते आणि व्हिक्टोरिया सरोवरात नेमाने पोहत असत. गेल्या महिन्यात त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. त्याआधी काही दिवस शौचाला डांबरासारखी काळी होत होती. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात फुगलेल्या शिरा दिसल्या व त्यांना बँड लावण्यात आले. ते दारूला शिवत नाहीत, कावीळ बी आणि सी या दोन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत आणि यकृताचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल आहेत. डॉक्टरांना शिस्टोसोमा या जंतांचा संशय आहे. परंतु त्यांच्या घरी पाणी कायम उकळूनच पीत असत, मग हे कसे घडले?

पोटविकार_डॉक्टर:
पिण्याचे पाणी उकळून हा आजार टळत नाही, कारण गोड्या पाण्यातील विशिष्ट गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे नर-मादी जोडीने आतड्याच्या शिरांत राहतात आणि वर्षानुवर्षे अंडी घालतात. त्यांतील बरीच अंडी शौचावाटे न जाता रक्ताबरोबर यकृतात जाऊन अडकतात, त्यांच्याभोवती तंतुमय जाळे तयार होते, यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतील दाब वाढतो आणि रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांकडे वळते. यकृताच्या पेशी मात्र बऱ्याच काळ शाबूत राहतात; रिपोर्ट नॉर्मल येण्याचे कारण हेच.

जुन्या संसर्गात शौचाच्या तपासणीत अंडी सापडतीलच असे नाही, म्हणून गुदाशयाच्या बायोप्सीबद्दल अवश्य विचारा. प्राझिक्वांटेल (वजनाच्या दर किलोला सुमारे 40 मिलिग्रॅम) जंत मारते, परंतु फुगलेल्या शिरा त्याने लगेच ओसरत नाहीत. त्यामुळे गोळी घेतली म्हणून एंडोस्कोपीची पुढची तारीख चुकवू नये, ही माझी कळकळीची विनंती.

कोकणवासी:
आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे 1952 मध्ये या कुळातील जंताची नोंद झाली होती. तिथे रक्त लघवीतून जात असे, कारण तो प्रकार मूत्राशयाचा होता.

मंदार_पुणे:
मनःपूर्वक आभार. वहिनी आणि मुलेही त्याच सरोवरात उतरत असत, पण त्यांना काहीच त्रास नाही.

पोटविकार_डॉक्टर:
त्रास नसला तरी त्या सर्वांचीही तपासणी करून घ्या. यकृतात जाळे धरण्याआधी औषध मिळाले, तर रक्तस्रावाची वेळ सहसा येत नाही.