बीएस्सी नर्सिंगनंतर कुठला वॉर्ड धरू? (परदेश नको, नाइट कमी हव्यात)

लातूरची_लेक:
नमस्कार. चौथं वर्ष संपत आलंय, इंटर्नशिप चालू आहे. पुढच्या महिन्यात दोन-तीन ठिकाणी इंटरव्ह्यू आहेत आणि जो तो आधी हेच विचारतो, एरिया कुठला पाहिजे? आमच्या बॅचला विचारलं तर निम्म्या आयसीयू म्हणतात, उरलेल्या एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) नाहीतर ओटी (ऑपरेशन थिएटर). माझं सांगते. पप्पांना लकवा मारलाय, रात्री कूस बदलायची तर आईला एकटीला जमत नाही, म्हणून लातूर सोडायचं नाहीये आणि नाइट महिन्याला आठच्या वर नकोत. परदेश नको. बाँड (इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून देणं) नको, ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेणारे तर नकोच. पगार वीसच्या आसपास चालेल. आयसीयू, डायलिसिस, ओटी यातलं काय बरं? सायकियाट्री पण मनात आहे, हसू नका.

व्हेंटी_ब्रदर:
आयसीयू. डोळे झाकून. सहा वर्षं झाली मला, एबीजीचा (रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लाच्या तपासणीचा) कागद बघितला की रेसिडेंटच्या आधी सांगतो काय चाललंय ते. वॉर्डात नुसते ताप-नाडी-श्वासाचे टीपीआर चार्ट भरत बसशील. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स असा नियम आहे, आमच्याकडे एकास तीन, पण त्यातूनच माणूस शिकतो. नाइट मला महिन्याला बारा पडतात, सवय होते.

लातूरची_लेक:
दादा, आठच्या वर नको असं वर लिहिलंय.

व्हेंटी_ब्रदर:
अगं सवय होते म्हणतोय ना.

मस्कतकर:
दोन वर्षं कुठेही काढ, मग डेटाफ्लो (सर्टिफिकेटांची पडताळणी), प्रोमेट्रिक (लायसन्सची परीक्षा) आणि सरळ गल्फ. मी इथे नऊ वर्षं आहे, गावात दोन मजली घर बांधलं. डायलिसिस, ओटी, आयसीयू यांना मागणी. सायकचा अनुभव घेऊन इकडे यायचा विचारही करू नको.

लातूरची_लेक:
परदेश नको.

मस्कतकर:
आत्ता सगळे असंच म्हणतात.

सुनंदाताई_निवृत्त:
बाळा, मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली १९ लेबर रूममध्ये. आजकालच्या मुलींना लेबर रूम नको असते कारण तिथे अंगावर पाणी उडतं. माझ्या किती चपला गेल्या ते मला माहीत. पण बाळ बाहेर आलं, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दिलं, वार सुटली, रक्त थांबलं की बाई आपला हात धरते ना, ते कुठल्या मॉनिटरवर दिसत नाही. खाजगीत पडू नकोस, अधिपरिचारिकेची (सरकारी स्टाफ नर्सची) जाहिरात आली की फॉर्म भर. आणि ड्यूटीवर मोबाइल घेऊन बसू नकोस.

ओटीतली_मी:
ओटीला प्लॅन्ड केसेस दिवसा असतात, म्हणून नाइट कमी वाटतात, पण ऑन कॉल विचारून घे. आमच्याकडे कागदावर चार होते, प्रत्यक्षात रात्री दोनला फोन. आणि पाय. सहा-सहा तास स्क्रब होऊन (हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून) उभं राहायचं, तिशीतच माझ्या शिरा फुगल्यात. एकदा पोट शिवायच्या आधी मॉप काउंट (पोटात रक्त टिपायला वापरलेल्या कापडांची मोजणी) एकाने कमी आला. सर चिडले, भूल देणाऱ्या मॅडम घड्याळ बघतायत, मी म्हटलं काउंट जुळल्याशिवाय शिवू देणार नाही. बकेटी उपसल्या, लिनन झटकलं, शेवटी सरांच्याच क्लॉगखाली चिकटलेला निघाला. चाळीस मिनिटं गेली आणि मला कोणी सॉरी म्हणालं नाही.

विदर्भ_एक्सप्रेस:
काय बोलून राहिले भाऊ तुम्ही सगळे, पोरगी प्रायव्हेट कशाला धरते? नॉरसेट दे, एम्सच्या नर्सिंग भरतीची परीक्षा. एम्सचा नर्सिंग ऑफिसर, पगार बघ आणि मग बोल. आम्हा पोरांना तिथे वीसच टक्के जागा, तुम्हाला ऐंशी, तरी बसत नाही पोरी परीक्षेला.

ओटीतली_मी:
ऐंशी टक्के आहेत म्हणून आयत्या मिळतात का? नर्सिंगला मुलीच जास्त आहेत.

विदर्भ_एक्सप्रेस:
मग लेबर रूमला पोस्टिंग करतानी आम्हाला दाराबाहेर उभं कोण करते?

सुनंदाताई_निवृत्त:
बाईला विचारलं का कधी, की तिला आत कोण हवं?

हिमोग्लोबिन_९:
धागा भरकटला. +१ आयसीयू.

फिस्टुला_फॅन:
डायलिसिसवाली बोलतेय. लातूरसारख्या ठिकाणी नाइटपुरतं बघायचं तर हेच बेस्ट. बऱ्याच सेंटरला दोनच शिफ्ट, कुठे तिसरी असते, रविवार बहुतेक ठिकाणी बंद, इमर्जन्सी सोडून. पण आधी विचार, सेंटर नर्स घेतं का टेक्निशियन, कारण खूप ठिकाणी आता टेक्निशियनच घेतात. कामात जीव रमतो असं नाही, चार-चार तास मशीन, बीपी पडलं, गोळे आले, सलाइन. तेच पेशंट आठवड्याला तीनदा येतात, त्यामुळे भांडणं पण तीच. खिडकीजवळच्या खुर्चीवरून दोन आजोबा वर्षभर भांडत होते, शेवटी आम्ही खुर्चीच हलवली.

व्हेंटी_ब्रदर:
सायकला गेलीस तर हातातलं स्किल जाईल हे लक्षात ठेव. दोन वर्षांनी आयव्ही (शिरेत सुई) लावता येणार नाही तुला.

हिमोग्लोबिन_९:
+१. आणि मुलगी मेंटलला आहे म्हटलं की स्थळवाले काय म्हणतात माहितीये ना. माझ्या मामेबहिणीला विचारलं होतं, तू पण गोळ्या घेतेस का.

चाव्यांचा_जुडगा:
आता बारा वर्षं सायकमध्ये असलेलीने बोलू का? आयव्हीची काळजी करू नका, दारू सुटताना पेशंट थरथरायला लागतो, झटका येतो, तेव्हा शीर आम्हीच शोधतो. तुला कामाचं सांगते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. लातूर धरून बसलीस तर ती गेली. राहिलं काय, जनरल हॉस्पिटलमधला सायक वॉर्ड किंवा खाजगी व्यसनमुक्तीवाले. खाजगीत जाशील तर आधी बघ, मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली त्यांची नोंदणी आहे का. बांधून ठेवलेल्या पेशंटची नोंद कुठे करता ते विचार. भूल न देता ईसीटी (विजेचे झटके देऊन उपचार) करत असतील तर चहासुद्धा न पिता परत ये, त्या कायद्याने ते बंद आहे. आणि रात्री वॉर्डात तू एकटी का सोबत अटेंडंट, हे पगाराच्या आधी विचार. मी विचारलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एकाने मनगट पिरगळलं, अजून पावसाळ्यात दुखतं. वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा पण असतो सायकियाट्रिक नर्सिंगचा, तो नंतर कर.

मस्कतकर:
बघा, मनगट. मी काय म्हणालो.

चाव्यांचा_जुडगा:
तुम्ही गल्फ म्हणाला होतात. आणि परदेशाचंच म्हणाल तर युकेत मेंटल हेल्थ नर्सिंग ही वेगळी शाखाच आहे, अ‍ॅडल्ट, चाइल्ड आणि लर्निंग डिसॅबिलिटीसारखी.

लातूरची_लेक:
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, पप्पांची फिजिओ चालू होती. तिन्ही इंटरव्ह्यू झाले. आयसीयूवाल्यांनी बाविसाची ऑफर दिली पण ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणार म्हणाले. डायलिसिसला टेक्निशियनच हवे होते, फिस्टुलाताईंचं खरं निघालं. मी जनरल हॉस्पिटलचा सायक वॉर्ड घेतला. साडेअठरा. नाइट नऊ, म्हणजे माझी अट मीच एकाने मोडली. रात्री दोन अटेंडंट असतात, विचारून घेतलं.

का घेतला ते सांगते, नाहीतर परत सेवाभाव वगैरे कोणी लिहील. मेंटलच्या पोस्टिंगला एक मावशी होत्या, लिथियमवर (मूड ताब्यात ठेवायची गोळी). मे महिना होता. चहा घेताना त्यांची बशी वाजायला लागली, आधी वाजायची नाही. दोन दिवस जुलाब होते आणि चालताना भिंत धरत होत्या. सोबतच्या मुली म्हणाल्या, नाटक करतात त्या. मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, रक्त पाठवलं, लिथियमची लेव्हल १.९ आली. गोळी लगेच बंद, सलाइन चालू. पुस्तकात १.२ च्या वर नको असं वाचलेलं मला आठवलं ते त्या बशीमुळे. आयसीयूत हे मॉनिटर ओरडून सांगतो, इथे कोणी ओरडत नाही. मला ते जमतं असं वाटलं. एवढंच.

व्हेंटी_ब्रदर:
१.९ म्हणजे चांगलंच पकडलंस. तरी बाविसाची सोडलीस ते चुकलं. मार्कशीट देतात नंतर, मला दिली. चौदा महिन्यांनी.

सुनंदाताई_निवृत्त:
साडेअठरात काय होतं गं आजकाल. सरकारी फॉर्म भरत राहा. आईला म्हणावं दर दोन तासांनी कूस बदल, टाचेखाली उशी ठेव.

चाव्यांचा_जुडगा:
ओढणी घालून जाऊ नकोस. केस वर बांध. आयकार्डची दोरी झटका दिला की सुटणारी घे.

नवीन_सभासद_४१७:
इथेच विचारते, नवीन धागा कसा काढायचा कळत नाहीये. भाच्याने बारावीला बायोलॉजी घेतलंय, त्याला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करावं का बीएस्सी? मुलगा आहे.

विदर्भ_एक्सप्रेस:
मुलगा आहे तर काय झालं?