टुंड्रावरचं घरटं: ‘बांधलं’ की ‘उकरलं’?

प्रश्न: रशियातल्या तैमिर द्वीपकल्पावरच्या, जून महिन्यातल्या पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी मराठीत आणतो आहे. छोटा टिलवा, म्हणजे हिवाळ्यात आपल्या शिवडी-उरणच्या चिखलात दिसणारा चिमणीएवढा पक्षी, तिथल्या टुंड्रावर अंडी घालतो. मी लिहून गेलो, ‘टिलव्याने घरटे बांधले’. पण बांधलेलं काहीच नाही! बर्फ वितळून उघड्या पडलेल्या जमिनीत लहानशा वाटीएवढी खोलगट जागा, तळाला खुरट्या विलो झुडपांची वाळकी पानं आणि त्यात चार अंडी. याला काय म्हणावं?

उत्तर: ‘बांधले’ आधी काढा. सुगरणीचा खोपा विणलेला, सुतार पक्ष्याची ढोली कोरलेली, भिंगरीचं घरटं चिखलाने लिंपलेलं. ज्याचं त्याचं क्रियापद वेगळं. आमच्याकडे शेतकरी ‘टिटवीने अंडी घातली’ एवढंच म्हणतात. उंचवट्यावर घातली तर यंदा पाऊस जास्त, असा होराही सांगतात, पण घरट्याचं नाव कुणी काढत नाही. टिलवाही टिटवीच्याच गणातला. ‘खळगी उकरली’ लिहा.

प्रश्नकर्ता: खळगी म्हटलं की पोटाची खळगीच आठवते. शिवाय पक्षी छाती टेकून गोल फिरतो, मग ‘उकरली’ कसं?

उत्तर: छाती टेकलेली असतानाच तो पायांनी माती मागे झाडतो, म्हणून उकरणंच. खळगी हा शब्द मला आणखी एका कारणासाठी हवा आहे. टुंड्रावरच्याच डनलिन या टिलव्याच्या भाऊबंद पक्ष्याचा नर अशा बऱ्याच खळग्या करून ठेवतो आणि मादी त्यांतली एक पसंत करते. उरलेल्या रिकाम्यांना घरटी कसं म्हणणार? पसंत पडलेल्या खळगीत पानं पसरली, अंडी आली, की खुशाल ‘घरटं’ म्हणा. त्या पानांना मात्र ‘गादी’ नको, ‘अस्तर’ म्हणा. खालची जमीन उन्हाळ्यातही थोड्या खोलीवर गोठलेलीच असते. तो गारठा अंड्यांपर्यंत पोचू नये म्हणून ती पानं. कोटाचं अस्तर तेच काम करतं.

प्रश्नकर्ता: पटलं. आणि ‘खुडूक बसला’ चालेल का? टिलव्याची मादी बहुधा दोनदा अंडी घालते. एक घरटं नर उबवतो, दुसरं ती स्वतः.

उत्तर: नको. खुडूक होते ती कोंबडी. नरासाठी ‘अंड्यांवर बसला’ असं सरळ लिहा.